परमेश्वरचा हलता हात

"हात हलवून नेम धरणं म्हणजे चालत्या बैलगाडीत बसून सुईत दोरा ओवणं!" परमेश्वरनं रविवारी भर बैठकीत जाहीर केलं आणि न्यायाधीशानं हातोडा आपटावा तसा हातातला कंट्रोलर गादीवर आपटला. गादीमुळं आवाज काही झाला नाही, पण मुद्दा सगळ्यांना कळला.

सगळे म्हणजे दोघंच. एक सुगत, लग्नाचे फोटो काढणारा. दुसरा आदिनाथ, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, कृषी सेवा केंद्र चालवणारा. हे तिघं गंगाखेडच्या शाळेत एका बाकावर बसायचे, आणि आता चाळिशी आली तरी दर रविवारी दुपारी परमेश्वरच्या घरी एका दिवाणावर बसायचे. परमेश्वरनं दोन वर्षांपूर्वी टीव्हीला जोडायचा गेमचा डबा घेतला होता. बायकोला, म्हणजे राजेश्रीला, त्यानं "याच्यानं टीव्हीचं आयुष्य वाढतं" असं सांगितलं होतं. राजेश्री जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. असली कारणं ती रोज चाळीस पोरांकडून ऐकायची, त्यामुळं ती नुसती "बरं" म्हणाली होती.

तिघांचा लाडका गेम एकच. कुठल्याशा लांबच्या ग्रहावर उतरायचं आणि तिथले उडते किडे बंदुकीनं टिपायचे. एका डावात साठ किडे. आदिनाथचा जीव तुटायचा. "दोन पंप फवारले असते तर एवढ्या गोळ्या वाया गेल्या नसत्या," असं तो दर रविवारी म्हणायचा आणि दर रविवारी शेवटचा यायचा.

आता वाद कशाचा, तर नेमाचा. कंट्रोलरवर अंगठ्याखाली एक छोटी दांडी असते. ती सरकवली की पडद्यावरची बंदूक वळते. पण त्याच कंट्रोलरच्या पोटात आणखी एक करामत असते. सेटिंगमध्ये जाऊन ती चालू केली की नुसतं मनगट कलवायचं. जितकं मनगट वळेल तितकी बंदूक वळते! सुगतला ही करामत सापडली होती आणि तेव्हापासून तो हवेत चवऱ्या ढाळल्यासारखा खेळायला लागला होता.

परमेश्वरला ते बघवत नव्हतं. तो धंद्यानं सर्वेअर. शेतं मोजायचा. तिपाईवर मशीन बसवायची, पाय घट्ट रोवायचे, मशीनवरचा पाण्याचा बुडबुडा मधोमध आणायचा आणि मग श्वास रोखून दुर्बिणीतून बघायचं. "ज्याच्यातून नेम धरायचा ते हललं नाही पाहिजे!" हा त्याचा धर्म होता. "माझी मशीन बोटभर हलली तर दोन सख्खे भाऊ कोर्टात जातेत!"

"आणि मी तिपाई लावत बसलो तर नवरी सासरी जाईल!" सुगत म्हणाला. एका बाकावर बसूनही तो परमेश्वरला अहो-जाहोच करायचा. "अहो परमेश्वरभाऊ, नवरीच्या डोळ्यातलं पाणी गालावर यायच्या आत टिपायचं असतंय. कॅमेरा हातातच लागतो. हाताला कळतं कुठं वळायचं ते. अंगठ्याला काय कळतंय? अंगठा सही न येणाऱ्याचा!"

हे परमेश्वरला लागलं. त्यानं तिथल्या तिथं मोबाईल काढून तिघांच्या ग्रुपवर नियम टाकला: 'या घरात नेम अंगठ्यानेच धरला जाईल. हात हलवणाऱ्याचा डाव बाद.'

"मंग होऊन जाऊ द्या एकदा," सुगत म्हणाला. "पुढच्या रविवारी तुमचा अंगठा आणि माझा हात. मी जिंकलो तर नियम रद्द."

"आणि मी जिंकलो तर तू जन्मभर अंगठ्यानं खेळायचं!"

"कबूल!"

आदिनाथनं पंच व्हायचं मान्य केलं. त्यात हरायची भीती नव्हती.

सोमवारी दुपारी एक वाजता परमेश्वर शेतावरून घरी आला. राजेश्री पाचपर्यंत शाळेत. घरात तो, टीव्ही आणि पंखा. त्यानं जेवण उरकलं, कानाला हेडफोन लावले आणि सरावाला बसला. बसल्यावर त्याच्या मनात एक विचार आला. शत्रूची चाल आपल्याला माहीत नको का? नुसतं एकदा बघू. कोण बघायलंय?

त्यानं दारा-खिडक्यांकडं चोरासारखं बघितलं आणि सेटिंगमधली ती करामत चालू केली.

पहिल्या डावात बंदूक आभाळ, जमीन आणि स्वतःचे बूट सोडून कुठंच बघेना. अठरा किडे. परमेश्वर खूश झाला. बघा, म्हणलं नव्हतं? खात्री करायला त्यानं आणखी एक डाव खेळला. सत्तावीस. आता हे जरा खटकलं. तिसऱ्या डावात त्याच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला. अरे, हे तर आपल्या मशीनसारखंच आहे! तिथंही आधी मशीन हातानं ढोबळ फिरवायची आणि मग शेवटचा केसभर फरक बारीक स्क्रूनं काढायचा. इथं ढोबळ काम अंगठ्याचं, बारीक काम मनगटाचं! दांडीनं किड्याच्या जवळ जायचं आणि मनगट एवढंसं, अगदी भाकरी उलटताना वळतं तेवढं, वळवायचं. टप! किडा खाली!

एक्केचाळीस किडे!

नुसत्या अंगठ्यानं दोन वर्षांत त्याची मजल चौतीसच्या पुढं गेली नव्हती. परमेश्वरनं कंट्रोलर मांडीवर ठेवला आणि पडद्यावरचा आकडा बोट लावून पुन्हा वाचला. आयुष्यभर शाकाहारी असलेल्या माणसाला चुकून रश्श्याची चव कळावी आणि वाढणाऱ्याकडं आणखी मागायचीही चोरी व्हावी, तसं त्याचं झालं.

मंगळवारी तो शेतावरून बारालाच आला. बुधवारी तर त्यानं "मशीन तापली" असं सांगून अकरालाच काम आवरतं घेतलं. नेम आता असा बसायला लागला होता की बावन्न, त्रेपन्न किडे सहज पडत होते. आणि माणूस रंगात आला की अंग काही एका जागी राहत नाही! मनगटाच्या मागं कोपर, कोपराच्या मागं खांदा, आणि किडा कोपऱ्यात पळाला की परमेश्वर सगळाच्या सगळा त्या बाजूला कलंडायचा. तोंड वाकडं व्हायचं. दात ओठावर यायचे. मधूनच तो "हं! हं! हुं!" करायचा.

समोरच्या घरात सविता राहायची. ती गच्चीवर पापड वाळत घालत होती. तिथून परमेश्वरच्या खिडकीतून दिवाण दिसायचा, दिवाणावरचा माणूस दिसायचा, पण टीव्ही आणि माणसाच्या मांडीजवळचे हात खिडकीच्या कठड्याआड. तिला दिसलं ते एवढंच, की परमेश्वरभाऊजींचा उजवा खांदा थडथड उडायलाय, मान एका बाजूला पडली आहे आणि तोंड वाकडं होऊन ते कण्हायलेत!

"भाऊजी!" तिनं हाक मारली. "ओ भाऊजी!"

भाऊजींच्या कानात परग्रहावरचं युद्ध चालू होतं. त्यांनी एक जोराचा हिसका दिला आणि ते डाव्या अंगावर पडले. शेवटचा किडा तिकडं गेला होता.

सवितानं पापड तसेच टाकले आणि राजेश्रीला फोन लावला. "ताई, लवकर या! भाऊजींला झटके यायलेत! एक अंग गेलं वाटतं!"

राजेश्रीनं चौथीचा वर्ग शेजारच्या वर्गातल्या बाईंवर सोपवला आणि स्कूटीवरून दहा मिनिटांत घर गाठलं. दाराची कडी वाजली तेव्हा परमेश्वरचा पंचावन्नावा किडा पडला होता. हेडफोनमधून कडीचा आवाज नाही आला, पण दार धाडकन उघडल्याचा आला. त्यानं हेडफोन आणि कंट्रोलर उशीखाली सारले, टीव्ही बंद केला आणि उशीवर डोकं टेकून आडवा झाला. घाम डबडबलेला, छाती भात्यासारखी, आणि उजवा हात अजून त्या किड्याच्या आठवणीनं हलत होता.

"अहो! काय होतंय तुम्हाला?" राजेश्रीचा चेहरा पांढरा पडला होता. मागं सविता, हाताला पापडाचं पीठ.

आता खरं सांगणं किती सोपं होतं! गेम खेळत होतो, एवढंच. पण मग राजेश्रीनं विचारलं असतं, गेम खेळताना अंग का उडत होतं? सवितानं ते सगळ्या गल्लीत सांगितलं असतं. सविताचा नवरा आदिनाथच्या दुकानात कामाला! म्हणजे संध्याकाळपर्यंत आदिनाथ, आणि सात वाजेपर्यंत सुगत! नियम टाकणारा परमेश्वर स्वतःच हात हलवतो! त्यापेक्षा...

"हाताला जरा मुंग्या आल्यात," परमेश्वर क्षीण आवाजात म्हणाला.

एवढ्या चार शब्दांवर पुढचा सगळा डोंगर उभा राहिला.

संध्याकाळी राजेश्री त्याला डॉक्टर शुभदांकडं घेऊन गेली. डॉक्टरांनी हात वर करायला लावला, खाली करायला लावला, डोळे मिटून नाकाला बोट लावायला लावलं. सगळं ठीक. "काही हातावर ताण येईल असं करता का? मोबाईल? गेम?"

"छे! छे!" परमेश्वर म्हणाला. राजेश्रीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं.

"मग आठ दिवस विश्रांती. उजवा हात अजिबात वापरायचा नाही. काही दुखलं-खुपलं तर लगेच या." आणि परमेश्वरचा धडधाकट हात पट्टीनं गळ्यात अडकला. बळीच्या बोकडासारखं कपाळाला तेवढं कुंकू लागायचं राहिलं!

गुरुवारी सकाळच्या रेल्वेनं सासूबाई चतुराबाई चुडाव्याहून हजर! एका हातात पिशवी, पिशवीत करडईच्या तेलाची बाटली. "काय हो जावईबापू, हे काय करून घेतलाव?" म्हणत त्यांनी डोळ्याला पदर लावला आणि दुसऱ्या मिनिटाला पदर खोचला. करडईच्या तेलात लसूण कडकडीत तळून त्यांनी त्याचा हात असा रगडला, असा रगडला, की परमेश्वरला खरोखरच्या मुंग्या आल्या. सकाळी एकदा, दुपारी एकदा, संध्याकाळी एकदा. घरात शिरणारा प्रत्येक माणूस आधी "काय खमंग वास सुटलाय!" म्हणायचा आणि नंतर परमेश्वरकडं बघून गप्प व्हायचा.

"मामी, आता बरं वाटायलंय," परमेश्वर दर खेपेला सांगायचा.

"बरं वाटलं म्हणून सोडलं की उलटतंय! पसरा हात!"

आणि कंट्रोलर? तो उशीखालून गादीखाली आणि गादीखालून कपाटावर गेला होता. दुपारी राजेश्री शाळेत जायची तेव्हा चतुराबाई दिवाणासमोर खुर्ची टाकून वाती वळत बसायच्या. जावई कुशीवर वळला तरी त्या विचारायच्या, "काय पायजे?" काय पायजे ते सांगण्यासारखं नव्हतं!

शनिवारी चतुराबाईंनी एसटी पकडली आणि त्या पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जाऊन आल्या. देवळात भेटलेल्या चार बायकांना त्यांनी दुःख सांगितलं. "आमचे जावई म्हंजे गंगाखेडचे मोजणीवाले सर. चांगला हातचा माणूस, पण हातच गेला बगा! पाल्यावानी हालायलाय!" त्या चार बायकांत एक निघाली कस्तुराबाई. आणि कस्तुराबाई म्हणजे दिनकररावांची बायको!

हे दिनकरराव आणि त्यांचा धाकटा भाऊ सिताराम म्हणजे परमेश्वरचं येत्या सोमवारचं काम. बारा एकराची वाटणी. दोघा भावांत गेली सहा वर्षं बोलणं नव्हतं. मधल्या बांधावरून दोन मोजण्या झाल्या, दोन्ही एकानं नाही तर दुसऱ्यानं मोडल्या. तिसऱ्या मोजणीला दोघं एकाच माणसाच्या नावावर तयार झाले. का? तर "परमेश्वर सरांचा हात हालत न्हाई." गेल्या पाच वर्षांत परमेश्वरनं कमावलं होतं ते एवढंच. मशीन काय, कुणीही विकत घेतं. नाव बाजारात मिळत नाही.

शनिवारी संध्याकाळी दिनकररावांचा फोन आला. "सर, आमी काय ऐकायलोत? तुमचा हात थरथर करायलाय म्हनं?"

"नाही हो दिनकरराव! कोण म्हणालं?"

"तुमच्या सासूबाई. नृसिंहाम्होरं सांगितलं त्यांनी. तितं कोन खोटं बोलतंय? सिताराम म्हनतोय, मोजनी रद्द करा. उद्या येतो आमी दोघंबी. हात बगतो, मंग ठरवू."

फोन ठेवल्यावर परमेश्वरला त्या रात्री जेवण गेलं नाही. चतुराबाईंनी ते आजाराचं पुढचं लक्षण मानलं आणि रगडण्याची एक फेरी वाढवली.

रविवार उजाडला. दुपारी एकला आधी सुगत आणि आदिनाथ आले. सुगतनं डझनभर केळी आणली होती. तो दिवाणाच्या कडेला बसला आणि त्यानं पट्टीतला हात हलकेच उचलून बघितला.

"भाऊ, माझ्यामुळं झालं हे," तो म्हणाला. "मी उगी पैज लावली. तुमी अंगठ्यानं इतका सराव केला असणार की नसच आखडली. मला झोप नाही चार दिवस."

"तसं नाही रे सुगत..."

"ऐका ना! मी ठरवलंय. आपली पैज रद्द. मी ते हात हलवायचं कायमचं बंद केलं. चार दिवस घरी पाव्हण्याच्या पोराच्या डब्यावर अंगठ्यानंच खेळायलोय. अवघड जातंय, अंगठ्याला फोड आलाय, हे बघा. पण तुमचंच खरं! नेम म्हणजे अंगठ्याचाच!"

परमेश्वरनं तो फोड बघितला. दोन वर्षांचा वाद तो जिंकला होता! आणि जिंकल्यावर इतकं वाईट त्याला जन्मात वाटलं नव्हतं. वाईट सुगतचंही वाटत होतं, स्वतःचंही वाटत होतं, आणि सगळ्यात जास्त वाईट याचं वाटत होतं की आता हात हलवून खेळायला सोबत कोण?

तेवढ्यात दारात वहाणा वाजल्या. दिनकरराव आत आले. त्यांच्या मागं दहा पावलं सोडून सिताराम आला. दोघं खोलीच्या दोन टोकांना बसले. राजेश्रीनं पाणी दिलं. चतुराबाई आतल्या दाराला टेकून उभ्या राहिल्या.

"सर, हात दावा," दिनकरराव म्हणाले.

परमेश्वरनं पट्टी सोडली आणि हात सरळ धरला. हात भिंतीतल्या खुंटीसारखा स्थिर! दिनकररावांचा चेहरा खुलला. पण सिताराम हलला नाही.

"घटकाभर कुनीबी दाबून धरंल," तो म्हणाला. "थरथर न्हाई म्हनता, मंग झटके कशाचे व्हते? समोरच्या बाईनं डोळ्यानं बगितलं म्हनं. सासूबाई रोज तेल लावायल्यात. डागदरनं हात बांधला. एवढे सगळे खोटे, अन् तुमी एकलेच खरे व्हय?"

परमेश्वरनं सगळ्यांकडं बघितलं. एकीकडं बारा एकर, पाच वर्षांचं नाव आणि सहा वर्षांनी एका खोलीत बसलेले दोन भाऊ. दुसरीकडं सुगतचा फोड आलेला अंगठा.

"गेम खेळत होतो," तो म्हणाला.

"आं?"

"गेम! टीव्हीवर! हात हलवून!" एकदा बांध फुटल्यावर त्यानं मग काहीच ठेवलं नाही. सोमवारचे अठरा किडे सांगितले, बुधवारचे पंचावन्न सांगितले, उशी सांगितली, मुंग्या सांगितल्या. शेवटी सुगतकडं न बघता म्हणाला, "अंगठ्यापेक्षा लय भारी आहे ते. सुगत, तुझंच खरं होतं."

सुगत आधी अंगठ्याच्या फोडाकडं, मग परमेश्वरकडं आणि मग केळ्यांकडं बघत राहिला. केळी परत न्यावी की काय, असा विचार त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता.

"छ्या!" चतुराबाई म्हणाल्या. "खेळन्यानं कुनाचं अंग असं उडतंय व्हय? जावई आजार झाकायलेत!"

"दावतो!" परमेश्वर उठला. कपाटावरून कंट्रोलर काढला. धूळ झटकली. "सविताताईंना बोलवा. त्यांनी बघितलंय, त्यांनीच ओळखावं!"

सविता आली. टीव्ही लागला. करामत चालू झाली. परग्रहावर पहाट झाली आणि किडे उडायला लागले.

चार दिवस बांधलेला हात पहिल्यांदा जरा अडखळला. दोन किडे निसटले. सितारामनं घसा खाकरला. आणि मग मनगट सैल झालं! टप! टप! टप! ढोबळ अंगठ्यानं, बारीक मनगटानं! किडा वर गेला, परमेश्वर वर. किडा कोपऱ्यात गेला, परमेश्वर कलंडला. खांदा उडाला, तोंड वाकडं झालं, "हं! हं! हुं!" सुरू झालं.

"हेच! हेच!" सविता ओरडली. "अगदी असंच झालं होतं! अगं बाई, मला वाटलं गेले भाऊजी!"

"उजवीकडं सर, उजवीकडं!" दिनकरराव.

"डोंगराआड हाय एक!" सिताराम कधी उठून थोरल्या भावाच्या शेजारी येऊन उभा राहिला ते त्यालाही कळलं नाही. "दादा, त्यो बग, त्यो निळा! सांग त्यांना!"

"अरे, तूच सांग की!"

निळा पडला. लाल पडला. शेवटचा किडा जवसाच्या दाण्याएवढा, पार क्षितिजावर. परमेश्वर थांबला. अंग थांबलं, श्वास थांबला. मनगट एवढंसं वळलं.

टप!

अठ्ठावन्न! खोलीत टाळ्या पडल्या. आदिनाथ तर पंच असल्याचं विसरून नाचला. सिताराम पुढं आला, त्यानं परमेश्वरचा उजवा हात हातात घेतला आणि बाजारात बैलाचा खूर बघावा तसा उलटासुलटा करून बघितला.

"तेलकट हाय," तो म्हणाला. "पन पक्का हाय. दादा, उद्या सातला बोलवू का यांना?"

"बोलव की!" दिनकरराव म्हणाले. सहा वर्षांनी एकमेकांशी इतकं बोलल्याचं त्यांच्या लक्षात आलं आणि दोघंही एकदम टीव्हीकडं बघायला लागले.

पाहुणे चहा पिऊन गेले. परमेश्वरनं सुगतसमोरच ग्रुपवर लिहिलं: 'जुना नियम रद्द. ज्याला जसा नेम धरायचा तसा धरावा. चूक माझी.' सुगतनं ते वाचलं, पुन्हा एकदा वाचलं, स्क्रीनचा फोटो काढून ठेवला आणि मग हसला. "फोडाचं काय करायचं ते सांगा," म्हणत त्यानं स्वतःच आणलेल्या केळ्यांतलं एक सोललं. आदिनाथनं दुसरा कंट्रोलर काढला. परमेश्वरला वाटलं, स्वर्ग म्हणतात तो हाच. त्यानं दिवाणावर बैठक मारली आणि कंट्रोलर धरलेला हात पुढं केला.

"थांबा जावईबापू," चतुराबाई म्हणाल्या.

"आता काय मामी? हात बरा आहे ना!"

"बरा झाला म्हनूनच म्हनते. काल पोखर्णीला मी नवस बोलले. देवा नृसिंहा, माज्या जावयाचा हात बरा होऊ दे. बरा झाला की त्यांचं सगळ्यात लाडकं, ते टीव्हीचं डबडं, सव्वा वरीस हातात धरनार न्हाईत!"

"मामी! पण हात बिघडलाच नव्हता!"

"मंग बरा कसा झाला?"

परमेश्वरनं मोठ्या आशेनं राजेश्रीकडं बघितलं. राजेश्री शिकलेली, शास्त्र शिकवणारी. ती भिंतीला टेकून उभी होती. बुधवारी चौथीचा वर्ग टाकून जीव मुठीत धरून आल्यापासून ती पहिल्यांदाच हसत होती.

"आईनं देवासमोर दिलेला शब्द," ती म्हणाली. "मोडायचा कसा हो?" आणि तिनं त्याच्या पुढं केलेल्या हातातून कंट्रोलर अलगद काढून सुगतला दिला.

सव्वा वर्ष! परमेश्वरनं मनातल्या मनात रविवार मोजले. पासष्ट भरले! त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. डोकं भराभर चालवलं. नवस हाताचा होता ना?

"मामी," तो हळूच म्हणाला, "हात नाही लावत. कंट्रोलर सुगत धरंल. मी बाजूनं नुसता अंगठा लावला तर चालंल का?"

चतुराबाईंनी विचार केला. देवाधर्माची गोष्ट, घाईनं बोलून चालत नाही. मग त्यांनी जावयाचा अंगठा धरला, जरा ओढून बघितला आणि म्हणाल्या, "हा बी हाताचाच हाय की, बापू!"

सुगत आणि आदिनाथ दोघंही परमेश्वरकडं बघत होते. नाही म्हणायची त्याची फार इच्छा होती.

"हो मामी," परमेश्वर म्हणाला. "हाताचाच आहे."